आठवा मुलगा : हुशार मुले निवडण्याविषयी एक अभ्यास

शास्त्रवाचन : 1 शमुवेल 16:1-13 आणि निर्गम 35:30-35



गेल्या वर्षभरात आपल्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला. परंड्याच्या आपल्या वर्गात सत्तावीस मुले आहेत. त्यातली चार-पाच हुशार मुले निवडून सगळा पैसा त्यांच्यावर लावला, तर एखादा तरी डॉक्टर निघेल, एखादी तरी तहसीलदार होईल. सगळ्यांना चिमूट चिमूट देऊन काय साधणार? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्कही आहे. आपल्या समितीनेही डिसेंबरात एक निवड चाचणी घ्यावी असे सुचवले आहे. म्हणून या अंकात नेहमीचा अहवाल न देता हा विषय शास्त्राच्या आणि अनुभवाच्या आधाराने नीट पाहू या.

शमुवेल संदेष्टा तेलाचे शिंग घेऊन बेथलेहेमला गेला तेव्हा त्याला घर ठाऊक होते, मुलगा ठाऊक नव्हता. इशायाचा थोरला अलियाब समोर आला. उंच, देखणा. शमुवेलाला वाटले, हाच तो. देवाने त्याला तिथेच थांबवले. मग एकामागून एक सात मुलगे पुढून गेले आणि एकही निवडला गेला नाही. हा उतारा आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत आणि बहुतेक वेळा देव बाहेरचे रूप पाहत नाही, अंतःकरण पाहतो, एवढे सांगून पुढे जातो. मी आज त्यातली दुसरी गोष्ट दाखवू इच्छिते. आठवा मुलगा त्या रांगेत नव्हताच. इशायाने त्याला मुद्दाम लपवले असे शास्त्र म्हणत नाही. मेंढरे कोणीतरी राखायला हवी होती, म्हणून धाकटा रानात होता. निवड घरात चालली होती आणि ज्याची निवड व्हायची तो कामावर होता. शमुवेलाचे मोठेपण मला त्याच्या पुढच्या वागण्यात दिसते. तो सातांतल्या त्यातल्या त्यात बऱ्यावर तेल ओतून मोकळा झाला नाही. सगळे आले का, असे त्याने विचारले, आणि धाकटा येईपर्यंत पंगतीला बसायचे नाही असे ठरवून वाट पाहिली.

आता शाळेच्या जगात निवड कशी होते ते पाहू. 1921 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने असामान्य बुद्धीची मुले शोधायला सुरुवात केली. आधी शिक्षकांनी वर्गातली हुशार मुले सांगायची, मग त्यांची बुद्धिमापन चाचणी घ्यायची, अशी मुख्य पद्धत होती. दीड हजारांहून अधिक मुले निवडली गेली आणि त्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला. त्यांतली बरीच पुढे चांगल्या हुद्द्यांवर गेली. पण चाचणी देऊनही जी दोन मुले या चाळणीतून खाली पडली, त्या विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ यांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, एकाला 1956 साली आणि दुसऱ्याला 1968 साली. निवडलेल्यांपैकी कोणालाही ते मिळाले नाही. (चाळणीतून पडलेला हाच शॉक्ली म्हातारपणी, बुद्धी वंशावर ठरते असे सांगत फिरला. ज्याला ठेच लागते तो शहाणा होतोच असे नाही.)

चाचण्या निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. आपल्याकडे डॉ. व. वा. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून दिली, ती बिने-कामत कसोटी म्हणून अजून ओळखली जाते, आणि तिने कित्येक मुलांना योग्य मदत मिळाली आहे. चाचणी एक खिडकी आहे. खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच घर, असे मानले की चूक होते.

महाराष्ट्रात बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा सर्वांत जुना आणि सलग प्रयोग पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचा. डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी 1962 साली संस्था काढली आणि 1969 साली तिची प्रशाला सुरू झाली. पाचवीला चाचण्यांतून मुले घेतली जातात. बुद्धी ही एकच वस्तू नसून तिला अनेक पैलू आहेत, हा गिल्फर्ड या अभ्यासकाचा आराखडा त्यांनी मराठी मुलांसाठी कसोट्या तयार करताना वापरला. त्या संस्थेची प्रेरणा आपल्यापेक्षा वेगळ्या परंपरेतून आली आहे आणि काही बाबतीत आपले त्यांच्याशी जमणारही नाही, पण शिकण्यासारखे ते शिकावे. आपल्याला पुण्यापर्यंतही जायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर याच संस्थेचे लोक आपल्या जिल्ह्यातल्या लोहारा भागात मदतीला आले, आणि हराळी या गावी त्यांनी निवासी शाळा उभी केली. तिथे शेती हा शिक्षणाचाच भाग आहे.

मला त्यांच्या निवडीपेक्षा निवडीनंतरच्या कामात जास्त रस आहे, म्हणजे प्रकल्पात. आपल्या शाळांत प्रकल्प म्हणजे जून महिन्यात दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेली वही. खरा प्रकल्प तो नव्हे. मुलाला एक खरा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नसते, म्हणून मूल बाहेर जाते, मोजते, माणसांना विचारते, चुकते, पुन्हा मोजते, आणि शेवटी चार लोकांपुढे उभे राहून काय सापडले ते सांगते. जोसेफ रेन्झुली या अभ्यासकाने 1978 साली मांडले की नुसती बुद्धी म्हणजे प्रतिभा नव्हे. बरी बुद्धी, कल्पकता आणि हाती घेतलेले काम न सोडण्याची चिकाटी, या तीन गोष्टी एकत्र येतात तिथे प्रतिभा दिसते. तासाभराच्या चाचणीत पहिली थोडीफार कळते. चिकाटी कळायला काम द्यावे लागते.

आम्ही तसे काम देऊन पाहिले. परंड्याच्या भुईकोटात अजून तोफा पडलेल्या आहेत, मुले त्यांच्यावर घसरगुंडी खेळतात. पण इथली सर्वांत प्रसिद्ध तोफ इथे नाही. मुलुख मैदान ही तोफ 1549 साली अहमदनगरला ओतली गेली, नंतर परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि 1632 साली ती विजापूरला नेली. आज ती तिथल्या बुरुजावर आहे. मी मुलांना तिची मापे दिली. लांबी चौदा फुटांच्या वर, तोंडाचा बाहेरचा व्यास जवळजवळ पाच फूट, वजन 55 टन. मुलांनी माळावर फक्कीने खऱ्या मापाची तोफ आखली आणि तिच्या तोंडाच्या वर्तुळात किती पोरे दाटीवाटीने बसतात ते करून पाहिले. मग मी सांगितले की ही तोफ न्यायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगितले जाते.

त्यावर मागे बसलेला एक मुलगा बोलला. वय दहा. आईबाप ऊसतोडीला जातात, म्हणून दर वर्षी चार-पाच महिने तोही फडावर असतो. वाचन दुसरीच्या पातळीचे. शाळेत तो कच्च्या मुलांच्या यादीत आहे. तो म्हणाला, "ताई, आमच्या टायरगाडीला दोन बैलं दोन टन ऊस वढत्यात. मंग पंचावन्न टनाला पंचावन्न बैलं बास झाली. चारशे कशापायी?"

मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते, आणि असते तरी देऊ नये अशी ती वेळ होती. पुढचे तीन शनिवार त्या प्रश्नावर गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी ताणकाटा दिला. मुलांनी तीन किलोची वीट दोरीने मातीवर ओढली तेव्हा काटा दोन किलोच्या आसपास गेला. तीच वीट खेळण्यातल्या चाकाच्या गाडीत ठेवली तर पाव किलोही लागेना. मग माती भिजवून पाहिली, फळीला चढ देऊन पाहिले. एका शनिवारी सगळ्या मुलांनी एका लांब दोरीला धरून दगड ओढला, तेव्हा ध्यानात आले की वीस पोरांचा जोर एका पोराच्या वीसपट होत नाही. कोणी आधी ओढतो, कोणी नंतर, कोणी नुसतीच दोरी धरतो. त्या मुलाने घरी वडिलांना विचारले. चिखलात गाडी रुतली की पुढे दुसरी जोडी लावावी लागते आणि चारही बैल एका दमात उचलले नाहीत तर चाक हलत नाही, असे ते म्हणाले. हे त्याने वर्गात येऊन सांगितले. कच्च्या मुलांच्या यादीतला मुलगा वर्गाला शिकवत होता आणि शाळेत पहिली येणारी मुलगी लिहून घेत होती.

शेवटी त्यानेच आणखी एक प्रश्न काढला. "चारशेच हुती हे मोजलं कुणी?" कॉलेजात इतिहास शिकणाऱ्या मुलांनाही हा प्रश्न सहसा पडत नाही.

आता त्याला डिसेंबरच्या चाचणीला बसवा. तो बसणारच नाही, कारण डिसेंबरात तो कोपीत असेल. आपल्या सत्तावीसपैकी अकरा मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तिने जायचेच असते, आणि धाकटी भावंडे सांभाळायला मोठे मूल लागते. यंदा त्यातल्या काहींना गावातच हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, याची खटपट चालू आहे. ती यशस्वी झाली तरी सगळी राहणार नाहीत. इशायाच्या घरात जे झाले तेच इथे होईल. चाचणी होईल, मुले पुढून जातील, निवडही होईल, आणि आठवा रानात असेल.

सरकारी परीक्षांचीही हीच गत आहे. जवाहर नवोदय विद्यालयाची कल्पना मला मनापासून आवडते. जिल्ह्यात एक शाळा, फुकट निवास, किमान 75 टक्के जागा खेड्यातल्या मुलांना, एक तृतीयांश मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना राखीव. आपल्या जिल्ह्याचे नवोदय तुळजापूरला आहे. पाचवीत असताना 80 प्रश्नांची परीक्षा असते, त्यातले निम्मे आकृत्यांचे, बाकीचे गणिताचे आणि भाषेचे. पण परीक्षा बहुतेक भर हिवाळ्यात येते, आणि तिसरी ते पाचवी सलग शाळेत असल्याची नोंद लागते. पुण्यामुंबईच्या वाचकांना हा नियम साधा वाटेल. फडावर जाणाऱ्या मुलासाठी ती भिंत आहे.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हेच दिसले होते. 1957 साली त्यांनी काम बोर्डीहून तिकडे नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, कुरणशाळा काढली. गुरे चरत तिथेच शाळा भरे. शमुवेलाने दाविदाला रानातून बोलावणे पाठवले. अनुताई त्याच्याही पुढे गेल्या, त्या स्वतःच कुरणात जाऊन बसल्या.

आपल्या वर्गातली दुसरी गोष्ट एका पारधी मुलीची आहे. ती सांगताना मी तपशील मुद्दाम थोडे ठेवते. ती शाळेत बोलत नाही. वर्षभर गुरुजींना वाटत होते की तिला ऐकू कमी येते. एकदा वर्गात मी पक्ष्यांची चित्रे लावली होती, तेव्हा ती जवळ येऊन हळूच म्हणाली की यातला तितर चुकीच्या गवतात काढला आहे. नंतर उलगडले की कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कुठे अंडी घालतो, कोण कसा ओरडतो, ओल्या मातीवर कोणाचे पाऊल कसे उमटते, हे सगळे तिला आजीकडून आले आहे. शाळेत ती हे का बोलत नव्हती? कारण घरात शिकवले आहे की बोलायचे नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तितर-लावे धरणे गुन्हा आहे, आणि पारध्याच्या पोरीला तितराची माहिती आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोण विचारायला येतो हे वस्तीला पाठ आहे. कायदा योग्यच आहे, माळावरचे पक्षी वाचले पाहिजेत. पण त्याचा परिणाम असा की तिला सर्वांत जास्त जे कळते तेच तिने सर्वांत जास्त लपवायचे. कुठली चाचणी हे शोधून काढील?

तिचा प्रकल्प झाला बारा महिन्यांची पक्षी-वही. पक्ष्याचे नाव आधी पारधी भाषेत, मग मराठीत, मग तो कधी दिसतो, काय खातो. धरण्याविषयी एक अक्षर नाही, ही अट आजीने घातली आणि मी मान्य केली. वहीत 31 पक्षी झाले. गुरुजींनी आपल्याला ठाऊक असलेले मोजले तर ते नऊ भरले. ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, या विषयाचा तास आता हीच घेईल.

इथे बसालेलाची आठवण होते. निवासमंडपाचे काम निघाले तेव्हा देवाने यहूदा वंशातल्या बसालेलाचे नाव घेऊन त्याला बोलावले आणि आपल्या आत्म्याने भरले, सोने, पाषाण, लाकूड अशा सर्व कारागिरीसाठी. दान वंशातला अहलियाब त्याच्या जोडीला दिला. थोडा विचार करा, हे लोक कोण होते? कालपरवापर्यंत मिसरात विटा पाडणारे गुलाम. मुकादमाच्या हिशेबात त्यांची नोंद रोजच्या विटांच्या आकड्यात होती. त्यांच्यात कोणी जवाहिऱ्या आहे, कोणी कोरीव काम करणारा आहे, हे मिसरातल्या कुठल्या वहीत लिहिलेले नसणार. आणि 35व्या अध्यायात एक शब्द आहे जो आपण वाचताना सोडून देतो. देवाने त्या दोघांच्या मनात दुसऱ्यांना शिकवण्याचीही बुद्धी घातली. कृपादान एकट्याच्या प्रगतीसाठी आले नव्हते. म्हणून चार-पाच मुले बाजूला काढून वेगळ्या खोलीत बसवण्याला माझा विरोध आहे. तो मुलगा बैलांविषयी बोलला तेव्हा सव्वीस जण शिकले. त्याला आपण आधीच बाहेर ठेवले असते तर सव्वीस जणांचे नुकसान होते, आणि त्याला एकट्याला निवडून नेले असते तरीही तेवढेच.

मग समितीला माझी सूचना काय? डिसेंबरची चाचणी घेऊ नये. जून ते दिवाळी आणि मग मेपर्यंत, सगळी मुले वस्तीवर असतील तेवढ्या काळात प्रत्येकाचा एक प्रकल्प व्हावा, त्याची वही राहावी, आणि त्या वहीवरून कोणाला पुढे काय द्यायचे ते ठरावे. नवोदयची तयारी जरूर करून घ्यावी, पण सगळ्या पाचवीच्या मुलांची. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी जादा साहित्य, प्रकल्प आणि मंडळे असावीत असे म्हटले आहे. वस्तीपर्यंत ते कागदावरून कधी उतरेल ते उतरो, आपल्याला कोणी अडवलेले नाही.

त्या मुलीचे मात्र वेगळे आहे. ती यंदा पाचवीत आहे, फडावर जात नाही, परीक्षेला बसू शकते, आणि मला वाटते पास होईल. आजीला भीती वाटते. शाळेत गेलेली पोर परत आली तर आमची राहणार नाही आणि बाहेरचे तिला पारधीण म्हणायचे सोडणार नाहीत, असे ती म्हणते. यावर मी वाद घातला नाही. दर आठवड्याला जाते आणि चहा पिऊन येते. गेल्या वेळी आजीने विचारले की तिथे निजायला खाटा असतात का, तेव्हा थोडा उजेड दिसला.

अडचण दाखल्याची आहे. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर अनुसूचित जमातीचा दाखला हवा, आणि त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यातून नुकता मोकळा झाला होता, पण हे कुटुंब मूळचे सोलापूर जिल्ह्यातले, म्हणून कागद तिकडचा लागतो. पणजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन नव्हती, सातबारा नाही. पिढ्यान्‌पिढ्या भटकणाऱ्यांची नोंद फक्त एकाच खात्याने ठेवली होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढवली जात, सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. देशात अशा काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालवल्या, हेही आपण विसरू नये. हेतू चांगला होता, शाळा काढल्या, उद्योग शिकवले, तरी कुंपण ते कुंपणच होते. तो कायदा 1952 साली गेला. ज्या वहीने पणजोबांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तिच्यात त्यांचे नाव सापडले तर पणतीला शाळेचे दार उघडेल.

आम्हाला जुन्या नोंदींच्या काही नकला मिळण्याची शक्यता आहे, पण त्यातल्या बऱ्याच मोडीत असतील. मंडळीत मोडी वाचता येणारे कोणी वडीलधारे असतील, किंवा सोलापूरच्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले कोणी बंधू असतील, तर त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर लवकर कळवावे. वर्गासाठी चार ताणकाटे, शंभर फुटी टेप आणि एक वापरलेली दुर्बीण चालेल. कोऱ्या वह्या पाठवताना एका बाजूला रेघा नसलेल्या पाठवा, चित्रांना त्या लागतात. नवोदयचा अर्ज भरायला अजून काही आठवडे आहेत. आजी अजून हो म्हणालेली नाही. तिच्यासाठी प्रार्थना करताना तिने आमचे ऐकावे एवढेच मागू नका, तिचे आम्हाला नीट ऐकू यावे हेही मागा.